पाव मऊ असावा, उत्तर सरळ असावं



गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळाच्या बैठकीला एक जण डबाभर घरचे पाव घेऊन आली. वरून छान तांबूस, बोटानं दाबलं की पुन्हा वर येणारे. डबा उघडताच सगळ्या भोवती जमल्या. ती म्हणाली, "निर्धास्त खा गं, यीस्ट घातलेलं नाही. अगदी जैन पाव आहे." सगळ्यांनी एकेक उचलला. माझ्या शेजारी बसलेल्या काकूंचा बाजारच्या पिठाचा त्याग आहे. त्यांनी पाव हातात घेऊन विचारलं, "पीठ कधी दळलेलं?" ती बिचारी गोंधळली. "काकू, मैदा पाकिटातलाच आहे." काकूंनी पाव हळूच बशीत ठेवला आणि पाणी मागितलं. मागून कोणीतरी पुटपुटलं, "आता एवढं कुठं कोण बघतं!"

करणारीचा चेहरा उतरला आणि काकूंनाही ओशाळल्यासारखं झालं. चूक दोघींचीही नव्हती. दोष होता तो "जैन पाव" या दोन शब्दांचा. आपण आजकाल ते फार सैल हातानं वापरतो.

माझं मत आधीच सांगते. पाव घरी करावा, मऊ करावा, मुला-नातवंडांना पोटभर खाऊ घालावा. आपल्या घरात ओव्हन असू नये असं मानणाऱ्यांपैकी मी नाही. पण ज्याचा नियम आहे त्यानं "यात काय आहे?" असं विचारलं, तर त्याला पूर्ण उत्तर मिळालं पाहिजे. "जैन आहे, खा" हे पूर्ण उत्तर नव्हे. हे मी शहाणपण शिकवायला लिहीत नाही. माझ्याच हातून ही चूक झालेली आहे, ती सांगणारच आहे.

आपल्या आज्या-सासवा पाव घरात का येऊ देत नव्हत्या, ते आधी बघू. लहानपणी मी ऐकलेलं कारण असं, की पाव पायानं मळतात म्हणून त्याला पाव म्हणतात. तेव्हा ते खरंच वाटायचं. नाव खरं तर पोर्तुगीज भाषेतून आलं. पोर्तुगीजांबरोबर पाव गोव्यात आला, आणि तिथले पोदेर पीठ फुगवायला माडाची सुर वापरत. सुर म्हणजे आंबलेली ताडी, आपल्या हिशेबानं मद्यच. शिवाय बेकरीतलं पीठ बहुधा रात्री मळलं जातं आणि पाव पहाटे बाहेर पडतो. बन चकाकावा म्हणून काही ठिकाणी वरून अंड्याचा हात फिरवतात. सुट्ट्या पावावर तर हिरवा ठिपकाही नसतो. म्हणजे पायाची गोष्ट चुकीची होती, पण म्हाताऱ्यांचा संशय अगदीच वाऱ्यावरचा नव्हता.

आता माझी गोष्ट.

1993 साल होतं. माझी मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. शाळेतल्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला पावभाजी खाऊन आली आणि घरी रोज हट्ट सुरू झाला. मी नुकताच बेकरीचे पदार्थ शिकवणारा आठ दिवसांचा वर्ग केला होता आणि आमच्याकडे अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आला होता. मी यीस्टचे तपकिरी दाणे आणले, कोमट साखरपाण्यात घातले, वाटीवर फेस आला. मुलगी शेजारी उभी राहून बघत होती. मी वर्गातल्या बाईंसारखंच तिला सांगितलं, "बघ, दाणे जागे झाले."

पाव सुरेख झाले. सासूबाईंचा बाजारच्या पावाचा त्याग होता, तोही खूप जुना. पण घरभर सुटलेला तो वास! त्या स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाल्या, "यात काय घातलंयस गं?" मला वाटलं, किती कौतुकानं विचारतायत, एक खाल्ला तर काय होतंय. मी म्हटलं, "काही नाही आई, सोडा आणि ताक." त्या बसल्या आणि दीड पाव खाल्ला. "कापसासारखा झालाय," म्हणाल्या. मी मनातून फुलले होते.

चार दिवसांनी मुलगीच आजीला सांगत होती, "आजी, ते दाणे पाण्यात टाकले की जागे होतात आणि मग पाव फुगतो." सासूबाईंनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागावल्या नाहीत, घरात कोणाला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी एकाशन केलं. संध्याकाळी मी त्यांच्या पायाशी बसले, तर एवढंच म्हणाल्या, "पाव खाल्ल्याचं नाही गं एवढं. पण आता तू काही वाढलंस की मला विचारावं लागणार. आजवर विचारलं नव्हतं."

आणि त्या खरंच विचारायला लागल्या. शिरा वाढला तरी "रवा कुठला?" आमटी वाढली तरी "डाळ निवडली होतीस?" टोचून नाही, साधेपणानंच विचारायच्या. पण प्रत्येक वेळी मला ती फेसाची वाटी आठवायची. पुढं मी एक वही केली. कॉमर्स शिकल्याचा घरात झालेला तो पहिला उपयोग म्हणा हवं तर. वहीत तारीख, दळण कधी आणलं, विरजण कधी लावलं, तूप कधी कढवलं, सगळं लिहायला लागले आणि वही त्यांच्या जपमाळेशेजारी ठेवायला लागले. पहिले काही महिने त्या वाचायच्या. मग कधीतरी वाचणं थांबलं. आणखी दोनेक वर्षांनी एके दिवशी मी थालीपीठ वाढलं आणि त्यांनी न विचारता घास मोडला. तेवढ्यासाठी मला जवळजवळ तीन वर्षं लागली होती.

म्हणून म्हणते, पावात यीस्ट आहे की नाही यापेक्षा, विचारणाऱ्याला खरं सांगितलं की नाही, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता यीस्टचं. यीस्ट म्हणजे एक प्रकारची बुरशी. ती पिठातली साखर खाते, वायू सोडते, थोडं मद्यार्कही तयार करते. वायूनं पीठ फुगतं, भट्टीत मद्यार्क उडून जातं आणि यीस्ट मरतं. काही जणी म्हणतात, "भाजल्यावर मरतंच ना, मग काय?" अहो, वाढवायचं आणि मग भाजायचं, आक्षेप नेमका त्यालाच आहे. दुसऱ्या काही जणी म्हणतात, "मग दही कसं चालतं?" प्रश्न रास्त आहे. पण दही आपल्याकडे मर्यादेत चालतं, कालचं आंबट ढाण झालेलं चालत नाही. चव पालटलेला पदार्थ आपण चलितरस म्हणून सोडतोच. आपल्या समाजात यीस्ट चालणारी घरं आहेत आणि न चालणारीही आहेत. दोन्हीकडे माझी ये-जा आहे. कोणी काय खावं याचा निवाडा करायला मी बसलेली नाही.

माझं म्हणणं एवढंच, की यीस्ट काढलं म्हणजे पाव आपोआप शुद्ध झाला असं नाही. चार गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली गोष्ट पिठाची. दळलेल्या पिठाची मर्यादा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे: पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. पाकिटातला मैदा कधी दळला ते आपल्याला ठाऊक नसतं. ज्यांचा नियम आहे त्यांच्यासाठी यीस्ट नसलेला मैद्याचा पावही बाहेरचाच.

दुसरी लोण्याची. हे ऐकून पुष्कळ जणी चमकतात. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात मुळा आणि आल्याबरोबर लोणीही टाळायला सांगितलंय. आणि आपण काय करतो? कांदा-बटाटा काढून "जैन पावभाजी" करतो आणि वरून बटरचा गोळा सोडतो! पाव बटरमध्ये मळतो, बटरवर भाजतो. तूप वापरलं तर काही बिघडत नाही. उलट वास जास्त चांगला येतो.

तिसरी द्विदलाची. बिनयीस्टचा पाव बहुतेक वेळा दह्यात मळतात. भाजीत मटार असतो. मटार द्विदल. दही भाजलं गेलं तरी आमच्या घरी ते डाळी-कडधान्याबरोबर एका घासात घेत नाहीत. तुमच्या घरची रीत वेगळी असेल, पण ताट वाढण्याआधी हा विचार करायला हवा. एकतर भाजीत मटार घालू नका. कच्ची केळी, दुधी, ढोबळी मिरची, टोमॅटो यांची भाजी उत्तम होते. नाहीतर पाव दह्याऐवजी लिंबावर करा. तो कसा, ते खाली सांगते.

चौथी वेळेची. पाव त्याच दिवशी करायचा, त्याच दिवशी सूर्यास्ताआधी संपवायचा. उरलेला सकाळी तव्यावर भाजून खायचा बेत नको. इथं बिनयीस्टच्या पावाचा एक मोठा फायदा आहे. यीस्टच्या पावाला पीठ फुगण्यात अडीच-तीन तास जातात. सोड्याचा पाव तासाभरात ताटात पडतो. साडेचारला सुरुवात केली तर सहाच्या आत मुलं जेवून उठतात.

आता कृती. याच कृतीनं मी सासूबाईंसाठी शेवटपर्यंत पाव केले, म्हणून हक्कानं सांगते.

गहू लोकवन घ्यावा. खपली खिरीला चांगला, पण पावाला लागणारा चिवटपणा त्यात कमी. दळण अगदी बारीक सांगावं आणि पीठ मलमलीच्या स्वच्छ कापडातून गाळून घ्यावं. कोंड्याचे कण पिठातल्या चिवट तारा तोडतात आणि पाव भरड होतो, म्हणून हा खटाटोप. राहिलेला कोंडा भाकरीच्या पिठात घाला.

असं गाळलेलं पीठ 250 ग्रॅम मोजा. त्यातलं दोन मोठे चमचे पीठ बाजूला काढून 100 मिलिलिटर दुधात गुठळी न होता कालवा आणि मंद आचेवर ढवळत राहा. दोन-तीन मिनिटांत खळीसारखं घट्ट होईल. उतरवून गार करा. मऊपणाचं सगळं रहस्य या खळीत आहे. पीठ शिजलं की पुष्कळ पाणी धरून ठेवतं, आणि ते पाणी भट्टीतही लवकर सुटत नाही. अंडं नको, बेकरीतले कसलेकसले चूर्ण नकोत.

उरलेल्या पिठात अर्धा चमचा मीठ, एक मोठा चमचा पिठीसाखर, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर आणि पाव चमचा खाण्याचा सोडा घालून दोनदा चाळा. सोडा पाव चमच्याच्या वर जाऊ देऊ नका. जास्त झाला की पाव पिवळट होतो आणि साबणासारखी चव येते. आता गार झालेली खळ, दोन मोठे चमचे पातळ तूप आणि 100 ग्रॅम ताजं, गोडसर दही घाला. हलक्या हातानं दोन-तीन मिनिटंच मळा. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल आणि थोडं चिकट राहिलं पाहिजे. हाताला तूप लावा, पण वरून पीठ भुरभुरू नका. कोरडं वाटलं तर चमचाभर दूध घाला.

इथं घाई करायची. दही आणि सोडा भेटताच वायू सुटायला लागतो, आणि तो उडून जायच्या आत पाव भट्टीत गेला पाहिजे. म्हणून ओव्हन आधीच 180 अंशांवर दहा मिनिटं तापवून ठेवा. पिठाचे आठ गोळे करा आणि तूप लावलेल्या डब्यात एकमेकांना चिकटून बसवा. सुटे ठेवले तर चारी बाजूंनी कडक होतात. चिकटून बसले की कडा मऊ राहतात. वरून दुधाचा हात फिरवा. वीस-बावीस मिनिटांत वरून तांबूस होतात. बाहेर काढल्याबरोबर तुपाचं बोट फिरवा आणि ओलं करून घट्ट पिळलेलं पातळ फडकं दहा मिनिटं झाका. आतल्याच वाफेनं वरची साल मऊ पडते.

द्विदल टाळायचं असेल तर खळ दुधाऐवजी गाळलेल्या पाण्यात करा, आणि दह्याच्या जागी एक मोठा चमचा लिंबाचा रस व पाऊण वाटीच्या आत पाणी, लागेल तसं बेतानं. वरूनही दुधाऐवजी तूपच लावा. हा पाव किंचित कमी मऊ होतो, पण मटारच्या भाजीबरोबर खुशाल वाढता येतो.

आता इथंही सरळच सांगते. हा पाव यीस्टच्या पावासारखा होत नाही. यीस्टचा पाव हातानं सोडला की धाग्याधाग्यानं सुटतो, हा तसा सुटत नाही. हा मऊ केकसारखा मोडतो. "अगदी बाजारसारखा लागतो" असं सांगून केलात तर मुलं पहिल्या घासाला पकडतील. माझी नात पाच वर्षांची असताना म्हणाली होती, "आजी, हा पाव नाहीये, पण छान आहे." तेव्हापासून आमच्या घरी त्याचं नावच "आजीचा पाव" पडलंय. सून मुलांसाठी कधीमधी यीस्टचा पाव करते. तिचा डबा वेगळा, नाव वेगळं. सून तो लपवून करत नाही, मीही नाक मुरडत नाही. माझ्या ताटात कोणता वाढायचा ते तिला पक्कं माहीत आहे, आणि मला तिला विचारावं लागत नाही.

आमच्या मंडळातल्या एक ताई मला म्हणाल्या, "एवढा आटापिटा कशाला? जे सोडलंय त्याची नक्कल करून खाणं म्हणजे जिभेचेच लाड. रसपरित्याग हेही तप आहे ना?" त्यांचं म्हणणं मला पटतं, आणि म्हणूनच अष्टमी-चतुर्दशीला आणि दशलक्षणात आमचा ओव्हन बंद असतो. पण वर्षातले बाकीचे दिवसही आहेत, आणि त्या दिवशी कोपऱ्यावरच्या गाडीवर वडापाव आहे, शाळेच्या बाहेर दाबेली आहे. "आपल्यात नसतं" एवढंच ऐकून वाढलेलं मूल बाहेर गुपचूप खायला शिकतं आणि घरी येऊन खोटं बोलायला शिकतं. पावापेक्षा त्या खोट्याचीच मला जास्त भीती वाटते, कारण ते कसं सुरू होतं ते मी स्वतः करून बघितलंय. त्यापेक्षा घरात पाव असावा, त्यात काय आहे ते मुलांना माहीत असावं, आणि आपण काय घेत नाही व का घेत नाही हेही माहीत असावं. सोडायचं की नाही ते मोठी झाल्यावर ठरवतील. सासूबाईंनीही त्याग कोणावर लादला नव्हता, स्वतःपुरता पाळला होता.

म्हणून मंडळात मी सुचवलंय, की कोणीही घरचा पदार्थ आणला की डब्यावर छोटी चिठ्ठी लावायची. पीठ कुठलं व कधीचं, यीस्ट आहे का, दूध-दही-लोणी आहे का, आणि कधी केलं. चार ओळींचं काम आहे. मैदा असेल तर मैदा लिहा, त्यात लाज कसली? ज्यांना चालतं त्या घेतील, ज्यांना चालत नाही त्या न ओशाळता सोडतील. मग मैद्याच्या पावावर करणारीचा चेहरा उतरणार नाही आणि काकूंना पाणी मागायची वेळ येणार नाही.

दशलक्षणाचा तिसरा दिवस उत्तम आर्जवाचा. आर्जव म्हणजे सरळपणा, मनात एक आणि ओठावर दुसरं नसणं. दरवर्षी त्या दिवशी प्रवचन ऐकताना मला मोठमोठ्या कपटांच्या गोष्टी ऐकू येतात आणि आठवतं मात्र "काही नाही आई, सोडा आणि ताक." वही अजून माझ्याकडे आहे. परवा पाव केले तेव्हा सवयीनं त्यात लिहिलं: लोकवन, कालचं दळण, दही सकाळचं, तूप घरचं, यीस्ट नाही. खाली सुनेनं तिच्या अक्षरात लिहून ठेवलंय: मुलांचे सहा, मैदा, यीस्ट आहे.

तुम्ही करून बघा, आणि जसा होईल तसा सांगा.

जय जिनेंद्र!